वर्ल्ड कप कुणाचा? तिकीट खिडकीपासून मजुरांच्या कॅम्पपर्यंत

८ जुलै २०२५ ला अमेरिकेतल्या न्यूजर्सीत, मेटलाइफ स्टेडियममध्ये फिफाच्या क्लब वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली. चेल्सी विरुद्ध फ्लुमिनेन्से. या सामन्याचं साधं तिकीट आधी ४७३.९० डॉलरला विकलं जात होतं. सामना दोनतीन दिवसांवर आला तेव्हा तेच तिकीट १३.४० डॉलरला मिळू लागलं. खुर्ची तीच, खेळाडू तेच, गवत तेच. ज्याने आधी प्रेमाने तिकीट काढलं, त्याने पस्तीसपट पैसे मोजले.

याला डायनॅमिक प्राइसिंग म्हणतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे यात कसली जादू नाही हे सांगू शकतो. मागणी किती, जागा किती उरल्या, तिकिटं किती वेगाने जातायत, एवढं यंत्र बघत राहतं आणि किंमत वरखाली करतं. या वस्तूची रास्त किंमत किती, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. त्याला विचारलेला प्रश्न एकच : समोरचा माणूस अजून किती ताणला जाईल?

विमानाच्या तिकिटालाही हेच असतं, मग फुटबॉलनेच काय घोडं मारलंय, असं कुणी म्हणेल. फरक आहे. विमान महाग झालं तर आपण ट्रेनने जातो, तारीख बदलतो, ओला परवडली नाही तर शेअर रिक्षा पकडतो. पण मोरोक्कोच्या चाहत्याने काय करायचं? आज मोरोक्को महाग आहे, म्हणून यंदा नॉर्वेला पाठिंबा देतो, असं तो म्हणू शकत नाही. प्रेमाला पर्याय नसतो. बाजाराच्या भाषेत याला अडलेला गिऱ्हाईक म्हणतात, आणि अडल्या गिऱ्हाइकाकडून किती काढायचं याला आपल्या दीनमध्येही मर्यादा घातलेल्या आहेत.

यंदाचा पुरुषांचा वर्ल्ड कप, ११ जून ते १९ जुलै, अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात, याच पद्धतीने विकला गेला. ३२ ऐवजी ४८ संघ, ६४ ऐवजी १०४ सामने. २०१८ साली यजमानपद मागताना या तीन देशांनी फायनलचं सर्वात महाग तिकीट १,५५० डॉलरचं दाखवलं होतं. विक्री सुरू झाली तेव्हा ते ६,७३० वर होतं आणि २०२५ च्या डिसेंबरात ८,६८० पर्यंत चढलं. आपल्या पैशात सात लाखांच्या वर, एका माणसाच्या दोन तासांसाठी. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेने याला सरळ विश्वासघात म्हटलं. तेव्हा कुठे फिफाने ६० डॉलरची थोडी तिकिटं बाजूला काढली, तीही देशोदेशीच्या फेडरेशनच्या कोट्यातून, मूठभर. आणि घेतलेलं तिकीट विकायचं असेल तर फिफाच्याच बाजारात विका : तिथे विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. म्हणजे ब्लॅकवाल्याची जागा आता खुद्द दुकानदाराने घेतली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेक्सिकोत होणाऱ्या सामन्यांची तिकिटं त्याच फिफाच्या बाजारात मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येत नाहीत. स्पर्धा तीच, संगणकप्रणाली तीच, पण तिथला कायदा वेगळा. त्यामुळे बाजारापुढे कुणाचं चालत नाही हे बोलणं खोटं आहे. न्यूयॉर्कचे महापौर झोहरान ममदानी यांनी निवडणुकीच्या प्रचारातच फिफाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती : डायनॅमिक प्राइसिंग बंद करा, पुनर्विक्रीवर कमाल मर्यादा घाला, १५ टक्के तिकिटं सवलतीत इथल्या रहिवाशांसाठी ठेवा. आपल्याकडे ममदानींचं नाव आलं की लोक त्यांचं मुसलमान असणं साजरं करतात आणि थांबतात. मला त्यांची ही तिकिटांची मोहीम जास्त आवडली. घरभाडं आणि बसभाड्याच्या यादीत फुटबॉलचं तिकीट घालणारा पुढारी मी पहिल्यांदा पाहिला.

पैसे असले तरी जाता येईल असं नाही. इराण आणि हैती पात्र ठरले, पण त्यांचे नागरिक अमेरिकेच्या प्रवासबंदीच्या यादीत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये ती यादी वाढली आणि सेनेगल, आयव्हरी कोस्ट यांच्यावरही निर्बंध आले. सूट कुणाला? खेळाडूंना, प्रशिक्षकांना, संघासोबतच्या माणसांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांना. चाहत्यांना नाही. म्हणजे माल आत यावा, माणसं बाहेर राहावीत. याच डिसेंबरच्या ५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये गट पाडण्याचा सोहळा झाला आणि तिथे फिफाने स्वतः नवीन काढलेला शांतता पुरस्कार डोनाल्ड ट्रम्प यांना दिला. खेळात राजकारण आणू नका, असं खेळाडूंना आणि प्रेक्षकांना बजावणारी हीच संस्था.

हे सगळं आजचं नाही. १९७४ मध्ये जोआओ हॅवलांज फिफाचे अध्यक्ष झाले आणि कोका-कोला, आदिदास अशा कंपन्यांच्या पैशावर ही संस्था फुगत गेली. पुढे आयएसएल या मार्केटिंग कंपनीकडून लाच घेतल्याचं उघड झालं आणि २०१३ मध्ये हॅवलांजना मानद अध्यक्षपद सोडावं लागलं. मे २०१५ मध्ये झुरिचच्या हॉटेलात पहाटे झालेल्या अटका आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पण मला त्या लाचखोरीपेक्षा आजचा कायदेशीर धंदा जास्त गंभीर वाटतो. लाच घेणारा पकडला जाऊ शकतो. यंदा प्रत्येक सामन्यात दोन्ही हाफमध्ये तीन तीन मिनिटांचा पाणी पिण्याचा ब्रेक आहे, बाहेर ऊन असो नसो, डोक्यावर छत असो नसो. जाहिरातींना जागा कशी झाली, यासाठी कुणाला अटक करणार?

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे येतो. कतार.

२०२२ चा तो महिना आपल्या पिढीतला कुणी विसरणार नाही. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल यांना हरवून मोरोक्को सेमीफायनलला गेला, तिथवर पोचलेला पहिला अरब आणि पहिला आफ्रिकन संघ. मैदानावर सजदे, स्टँडमध्ये हिजाबातल्या अम्मी, सामन्यानंतर आईसोबत नाचणारा बूफाल. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, कुठल्याही मोहल्ल्यात त्या रात्री मुलं रस्त्यावर होती. टीव्हीवर आपण एरवी कोणत्या बातमीत दिसतो हे ज्याला माहीत आहे, त्याला तो आनंद समजावून सांगावा लागत नाही. तो खराच होता आणि मी त्यातलं काही परत घेत नाही.

युरोपातल्या माध्यमांचा दुटप्पीपणाही खराच होता. स्पर्धेच्या दोन दिवस आधी स्टेडियममधली बीअर बंद झाली तर केवढा गहजब! ज्या देशांच्या सरकारांनी कतारला लढाऊ विमानं विकली, कतारचा गॅस घेतला, त्यांचे समालोचक आठवडाभर सदसद्विवेकाचे धडे देत होते. यंदा चार देशांच्या चाहत्यांना दारातच अडवलं तरी तेवढा आवाज ऐकू येत नाही, यावरून काय ते समजा.

पण या दुटप्पीपणाला उत्तर देता देता आपण एक वाईट गोष्ट केली. मजुरांचा विषय निघाला की तो पाश्चात्त्यांचा प्रचार आहे म्हणून बाजूला सारायला शिकलो. ते मजूर कोण होते? नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि भारत इथले. त्यातले कितीतरी आपल्याच मशिदीत आपल्या शेजारी उभे राहून नमाज पढणारे. रत्नागिरी, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात असं गाव शोधून दाखवा जिथे कुणाचा मामू, कुणाचा चाचा आखातात नाही. कोकणातल्या किती मशिदींचे मिनार आणि किती घरांचे स्लॅब रियाल-दिनारांवर उभे राहिलेत, ते आपल्याला कुण्या इंग्रजी पेपरने सांगायची गरज नाही.

आकड्यांच्या बाबतीत नीट बोललं पाहिजे, कारण इथे दोन्ही बाजूंनी खेळ झाला. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने २०२१ मध्ये ६,५०० चा आकडा दिला. तो यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत या पाच देशांच्या कतारमध्ये वारलेल्या सगळ्या नागरिकांचा होता, फक्त स्टेडियम बांधणाऱ्यांचा नव्हे. बऱ्याच ठिकाणी मात्र तो स्टेडियमवरच्या मृत्यूंचा म्हणून फिरला. दुसरीकडे आयोजकांचा अधिकृत आकडा कामावर झालेल्या तीन मृत्यूंचा होता. मग स्पर्धा चालू असताना आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी यांनीच एका मुलाखतीत वर्ल्ड कपशी जोडलेल्या एकूण कामांवर चारशे ते पाचशे मृत्यू झाल्याचं सांगितलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२० या एकाच वर्षात कतारमध्ये कामाशी संबंधित ५० मृत्यू आणि ५०० हून अधिक गंभीर जखमी मोजले.

नेमका आकडा का सापडत नाही, यातच खरी गोम आहे. पंचविशी-तिशीतला धडधाकट माणूस उन्हात काम करून खोलीवर येतो, झोपतो आणि उठत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं जातं : नैसर्गिक कारण, किंवा हृदयक्रिया बंद पडली. कुणाची शेवटी हृदयक्रिया बंद पडत नाही? पण त्या एका ओळीने कामाचा आणि मृत्यूचा संबंध तुटतो, चौकशी होत नाही, आणि मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. घरी पेटी येते, कधी सहकाऱ्यांनी जमवलेली वर्गणी येते. घेतलेलं कर्ज तसंच राहतं.

इथे एक गोष्ट मनातून जात नाही. खेळाडूंना ऊन सोसणार नाही म्हणून ही संपूर्ण स्पर्धा जून-जुलैतून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेली गेली. जगभरच्या लीगची वेळापत्रकं मोडली गेली. तेव्हा ऊन माणसाला काय करतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मैदानं बांधणाऱ्यांचे उन्हाळे मात्र तिथेच गेले.

कतारने काही बदललं नाही असं म्हणणंही अन्याय होईल. २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या परवानगीची अट काढली, २०२१ पासून सगळ्यांना लागू होणारं किमान वेतन आलं, उन्हाळ्यात दुपारच्या कामाच्या बंदीचे तास वाढवले. कागदावर हे त्या भागात मोठं पाऊल होतं. किमान वेतन महिन्याला १,००० रियाल, साधारण २७५ डॉलर. फिफाची त्या चार वर्षांची कमाई साडेसात अब्ज डॉलरच्या वर. ॲम्नेस्टीने मागणी केली होती की मजुरांच्या भरपाईसाठी किमान ४४ कोटी डॉलर बाजूला काढा, म्हणजे संघांना वाटलेल्या बक्षिसांइतकी रक्कम. फिफाने २०२४ च्या अखेरीस ५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, आणि तो आरोग्य संघटना, व्यापार संघटना, निर्वासितांची संस्था अशा कामांना दिला. चांगली कामं असतील. पण मजुरांच्या विधवांना त्यातून काही नाही. फिफानेच नेमलेल्या अहवालात भरपाईची जबाबदारी मान्य करायला सांगितलं होतं, तरीही. मजुरी वेळेवर देण्याबद्दलची ती हदीस आपल्या मकतबात लहान पोरंही सांगतात. ती गोऱ्या मालकापुरती नाही.

जाता जाता एक देशी किस्सा. कतारच्या त्या वर्ल्ड कपला एक भारतीय कंपनी प्रायोजक होती, बायजूज. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने २,५०० लोकांना कमी करण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरात मेस्सीला आपला राजदूत केलं. आमच्या क्षेत्रात त्या आठवड्यात जे विनोद फिरले ते इथे छापण्यासारखे नाहीत. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, ती क्रिकेट बोर्डाच्या अर्जावरून. भारतीय संघाच्या जर्सीवर नाव लावल्याचे १५८ कोटी थकले होते. त्यानंतर जर्सीवर ड्रीम इलेव्हन आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली तेव्हा तेही गेलं, पण तोवर आपल्या मोहल्ल्यातली किती मुलं ‘हा जुगार नाही, स्किल आहे’ म्हणत महिन्याची कमाई घालवून बसली होती. हाशिम आमला बीअरचा लोगो न लावता वर्षानुवर्षं दक्षिण आफ्रिकेसाठी खेळला, हे आपण अभिमानाने सांगतो. खिशातल्या फोनवरच्या लोगोबद्दल मात्र कुणी विचारत नव्हतं.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर भारत-पाकिस्तान सामन्यावर बोलावंच लागेल, कारण या धंद्याची किंमत आपण सगळ्यात जास्त तिथे मोजतो. २०१२-१३ नंतर या दोन देशांत एकही द्विपक्षीय मालिका झालेली नाही. त्यामुळे आयसीसीच्या स्पर्धेतला सामना दुर्मीळ, म्हणून महाग. २०१३ पासून पुरुषांच्या ज्या ज्या आयसीसी स्पर्धेत गट पाडले गेले, त्या प्रत्येक वेळी हे दोन संघ एकाच गटात आले. ही चिठ्ठ्यांची कमाल नाही, हे गट ठरवून केलेले असतात. २०२४ ते २०२७ चे भारतातले प्रक्षेपण हक्क सुमारे ३ अब्ज डॉलरला गेले, त्यात या एका सामन्याचा वजनदार हिस्सा आहे. मग तो सामना विकला कसा जातो? फटाक्यांच्या, टोमण्यांच्या, बदल्याच्या जाहिरातींनी. युद्धाची भाषा वापरायची, दहा सेकंदांचा दर वाढवायचा, आणि सामना संपला की स्टुडिओतले दिवे बंद करून घरी जायचं.

आपण घरी जाऊ शकत नाही. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा सामना झाला. त्या रात्री मालवणमध्ये एका मुलाने घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाच्या दुकानावर बुलडोझर चालला. असा बुलडोझर चालवू नये हे सुप्रीम कोर्टाने जेमतेम तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. घोषणा खरी की खोटी हे ठरायच्या आधी दुकान जमीनदोस्त. त्या सामन्याच्या दिवशी आपल्या घरात काय होतं ते वाचकांना माहीत आहे : अब्बा आवाज कमी करायला सांगतात, ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ‘मग आज कोण जिंकणार, मियाँ?’ असं हसत विचारतं, आणि शमीने झेल सोडला तरी आपल्या पोटात गोळा येतो. तिरस्कार गरम केला की तो सामन्याच्या वेळेपुरता गरम राहत नाही. दुर्दैवाने प्रायोजकांच्या हिशेबात मालवणचं दुकान कुठल्याच रकान्यात येत नाही.

मग बघायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही. मी बघतो, यंदाही बघणार आहे. हकीमीची धाव किंवा सलाहचा डावा पाय ही कुणा कंपनीने बनवलेली वस्तू नाही. बहिष्काराचे संदेश आपल्याकडे ज्या वेगाने फिरतात आणि ज्या वेगाने विसरले जातात, ते पाहता त्याच्यात मला फार अर्थ दिसत नाही. पण प्रेक्षक असणं आणि भाट असणं यात फरक करता यायला हवा, आणि त्याची कसोटी फार लांब नाही.

२०३४ चा वर्ल्ड कप सौदी अरेबियात आहे. ११ डिसेंबर २०२४ ला तो ठरला, टाळ्यांच्या गजरात, कारण समोर दुसरा उमेदवारच नव्हता. त्याआधी फिफाने आशिया आणि ओशनियातल्या देशांना इच्छा कळवायला जेमतेम २५ दिवस दिले होते, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अरामको फिफाची मोठी प्रायोजक झाली होती. १५ स्टेडियम लागणार, त्यातली ११ नव्याने बांधायची. पुन्हा आपल्याला अभिमान विकला जाईल, आणि यावेळी तो हरमैनच्या भूमीच्या नावाने विकला जाईल, म्हणून प्रश्न विचारणं अजून अवघड होईल. मक्का-मदिनेचा अदब आणि एका सरकारच्या बांधकाम ठेक्याचा अदब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आताच बोलून ठेवलेलं बरं. मार्च २०२५ मध्ये, रमजान चालू असताना, अल-खोबरच्या स्टेडियमच्या कामावर उंचावरून पडून एक पाकिस्तानी कामगार गेला. सौदीत कामगारांना युनियन काढता येत नाही. जागतिक बांधकाम कामगार महासंघाने जून २०२४ मध्येच तिथल्या सक्तीच्या मजुरीबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे तक्रार नोंदवली आहे.

ही स्टेडियम बांधायला जे जातील ते आज सतरा-अठरा वर्षांचे आहेत. त्यातले काही आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन आणि वेल्डरचा कोर्स करतायत, काही दहावीला अडलेत. आपल्या चळवळीच्या शाखा गावोगावी आहेत, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात, मतदारयादीचं काम करतात. त्याच टेबलावर अजून एक काम ठेवता येईल. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे फोनवर दोन मिनिटांत बघता येतं. त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडे लोक लाखभर देतात आणि पावतीही मागत नाहीत. करार अरबी-इंग्रजीत असतो, तो सही करण्याआधी मुलाला आणि त्याच्या अम्मीला मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवा, पगार, ओव्हरटाइम आणि परतीचं तिकीट या तीन ओळी तरी. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे, १० लाखांची, पण ती अपघाती मृत्यूसाठी आहे. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलं जातं ते घरच्यांनी पहिल्याच दिवशी वकिलातीकडे विचारायला हवं, आणि ते विचारायला कुणाला फोन करायचा हे मुलगा विमानात बसण्याआधी घरातल्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.